राखून ठेवलेला बांगडा

पेजेचे चार घास पोटात गेले असतील-नसतील, तोच माझं तोंड तापायला लागलं. कान लाल, गळा लाल, छातीवर कुणी तिखटाचा हात फिरवावा तशी आग. मी ताट तसंच टाकलं आणि परड्यातल्या संडासाकडे धावत सुटले. मागून सुगंधावैनीचा आवाज ऐकू आला. ती सासूला सांगत होती, "गेली. आता तासभर येवची नाय."

तिचं काही चुकलं नाही. मी बाहेर आले तेव्हा उन्हं खळ्यात उतरली होती आणि माझ्या पायांत उभं राहायचं त्राण उरलं नव्हतं. पोटात पिळे पडत होते, वरून उलटीही होऊन गेली होती. भिंतीला धरून धरून मी मागच्या दाराशी आले, तर वैनी उंबऱ्यावर बसून निवांत जेवत होती. पेज, आंब्याचं लोणचं, सुकटीची चटणी, आणि वर कच्ची मिरची. मिरची तिच्या दाताखाली करकन मोडली तसं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, ते दुखण्याचं नव्हतं. हेव्याचं होतं. या बाईला देवाने काय पोट दिलं होतं! दगड दिला असता तरी तिने मीठ लावून खाल्ला असता आणि वर ढेकर दिला असता.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. सुगंधावैनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी कराडची. लग्न होऊन वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात आले. माझा नवरा विद्याधर हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. थोरले दीर बोटीच्या इंजिनांची कामं करायचे, ते महिन्यातले निम्मे दिवस मालवणात नाही तर गोव्यात. घरात खरं राज्य होतं सासूचं, म्हणजे आयेचं. अख्खं गाव तिला आये म्हणायचं, मीही म्हणायला लागले.

माझं पोट माहेरीही तसं नाजूकच होतं. पण तिथे कधीतरी दुखायचं, ओवा खाल्ला की राहायचं. इथे आल्यावर मात्र त्याने माझा पिच्छाच पुरवला. आठवड्यातून दोनदा-तीनदा हेच. आधी अंग लाल, मग कळा, मग धावाधाव. एका डॉक्टरने ॲसिडिटी सांगितली, दुसऱ्याने अमिबा. तिसऱ्याने मला बाहेर बसवून विद्याधरला सांगितलं, की मिसेस जरा मनावर घेतात, एखादं मूल होऊ द्या. शेजारणी म्हणायच्या, घाटावरच्या पोटाला समुद्र झेपायचा नाही. हे ऐकून तर माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची, कारण मासे मला मनापासून आवडायला लागले होते. रात्रीच्या जेवणात ताजा मासा खाऊन मी कितीतरी वेळा सुखाने झोपले होते. सकाळ उजाडली की मात्र भोग सुरू.

आता त्या घरातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बांगड्याचं तिखलं त्या घरात ताजं कुणी मोठ्या चवीने खात नसे. तिरफळं घालून केलेलं ते लालभडक तिखलं रात्री मातीच्या मडकीत काढायचं, चुलीच्या मागच्या वैलावर ऊबेला ठेवायचं, आणि सकाळी पेजेबरोबर खायचं. रात्रभर मुरलं की त्याची खरी चव येते, असं आयेचं म्हणणं. घरात फ्रिज होता, पण त्यात ठेवला की बांगडा मेला, हेही तिचंच म्हणणं. आणि मडकीत राहायचे दोन नाही तर तीन तुकडे. सगळ्यांना पुरणारे नव्हेत. ते कुणाला द्यायचे हे आये ठरवायची. ज्याच्यापुढे ती मडकी आली, तो त्या घरातला लाडका. हे कुणी तोंडाने बोलत नसे, पण पोराटोरांनाही ठाऊक होतं.

मी आल्यापासून मडकी माझ्यापुढे यायला लागली.

आधी नवी नवरी म्हणून आली. मग मी अशी वारंवार आजारी पडते, अंगावर मांस राहिलं नाही, म्हणून आली. माझे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते, बांगड्या हात झटकला तरी गळून पडतील अशा झाल्या होत्या. आयेचा जीव तुटायचा. ती स्वतः मडकी आणायची, माझ्याशेजारी बसायची, काटे काढून द्यायची, आणि मी संपवेपर्यंत उठायची नाही. मला कधीकधी त्या वासानेच मळमळायचं. पण मडकीला नको म्हणणं म्हणजे आयेला नको म्हणणं. आणि दुसरं एक कारण होतं. वैनी बघायची.

वैनी त्या घरात माझ्या दहा-अकरा वर्षं आधी आलेली. दोन मुलगे दिले, गुरं सांभाळली, आयेच्या गुडघ्यांना तेल लावलं. ते तिखलं रांधायचीसुद्धा तीच. मसाला वाटायचा तिने, बांगडे साफ करायचे तिने, चुलीचा धूर खायचा तिने, आणि मडकी माझ्यापुढे. सकाळी ती चुलीशी पाठमोरी बसून भाकऱ्या थापायची, पण तिची मान अशी वळलेली असायची की मला कळायचं, ही माझा एकूण एक घास बघते आहे. मग मीही सावकाश खायची. तिच्या पोटाचा हेवा मला, माझ्या मडकीचा हेवा तिला. एका छपराखाली आम्ही दोघी अशा धुमसत होतो, आणि पुरुषांना वाटायचं जावा कशा गुण्यागोविंदाने नांदताहेत.

अधूनमधून एखाद्या सकाळी मडकी रिकामी सापडायची. झाकण बाजूला पडलेलं, आत नुसता रस्सा चोपडलेला. आये बोक्याला शिव्यांची लाखोली वाहायची, झाकणावर पाटा ठेवायची, तरी बोका काही ऐकायचा नाही. त्या दिवशी मी नुसती पेज आणि ताजी भाजी खायची, आणि त्या दिवशी मला बरं असायचं. हे मला तेव्हा दिसलं का नाही, असं पुढे डॉक्टरांनीही विचारलं. कसं दिसणार? मला दुसरंच दिसत होतं. सकाळची पेज वैनी वाढायची. ज्या दिवशी तिचं तोंड फुगलेलं, त्या दिवशी माझं पोट बिघडलेलं. एकदा हे डोक्यात शिरलं आणि मग निघेचना. मला वाटायला लागलं, ही माझ्या पेजेत काहीतरी घालते.

विद्याधरला मी हे सांगितलं. तो म्हणाला, वैनी तोंडाने फटकळ असेल, पण असलं काही करणार नाही. मी म्हटलं, तुला तुझ्या घरातली माणसंच बरोबर वाटणार. त्या दिवसापासून आमच्या दोघांतही बोलणं कमी झालं. मी गुपचूप आईला फोन केला.

आई कराडहून आली ती आयेसाठी पेढे घेऊन, पण मनात ठरवूनच. मला बघितलं आणि तिने तोंडाला पदर लावला. गंमत अशी, की ती येण्याआधीचा आठवडा माझा चांगला गेला होता. एकदाही परड्यात धावावं लागलं नव्हतं. बोक्याने त्या आठवड्यात मडकीचा फडशाच पाडला होता. पण एका आठवड्यात गेलेलं मांस थोडंच भरून येतं? आईने विद्याधरला समोर बसवून सांगितलं, मुलीला घेऊन जाते. बरी होईपर्यंत तिकडेच राहील. बरी झाल्यावरही पाठवायची की नाही ते तेव्हा बघू. विद्याधर खाली मान घालून नखाने जमीन उकरत बसला. आयेला कुणी काही विचारलंच नाही. ती उठली आणि बाजारात माणूस पाठवून बांगडे मागवले. जाताना सुनेने मडकीतलं खाऊन जावं, एवढंच तिच्या हातात होतं.

निघायच्या दिवशी मी पहाट फुटताना उठले. झुंजूमुंजू झालं होतं. तोंड धुवायला मागच्या बाजूला निघाले, तर चुलीपुढे वैनी उकिडवी बसलेली. पाटा खाली उतरवलेला, झाकण बाजूला, आणि तिचा उजवा हात मनगटापर्यंत माझ्या मडकीत.

मला जे समजायचं ते मी समजले. मी अशी ओरडले की गोठ्यातल्या म्हशीसुद्धा उठून उभ्या राहिल्या. आई धावत आली, विद्याधर आला, शेवटी गुडघ्यांवर हात टेकत आये आली. मी म्हटलं, बघा, डोळ्यांनी बघा, ही माझ्या जेवणात घालते. आईने पुढे होऊन वैनीचं मनगट धरलं आणि हात मडकीतून बाहेर ओढला. बोटं लाल रश्शाने भरलेली. आई म्हणाली, "काय घातलंस त्यात? बोल. नाहीतर मी इथूनच पोलिसात जाते."

वैनीने हात सोडवून घेतला नाही. तिने एकदा आयेकडे बघितलं.

"मी त्यात काय एक घालूक नाय," ती म्हणाली. "मी त्यातलां काढून खाल्लंय."

तिने दुसरी मूठ उघडली. आत बांगड्याचा काटा होता, चोखून साफ केलेला.

मग ती बोलत गेली. आवाज न चढवता, खाली बघत. बोका कधी नव्हताच. पहिल्यांदा खाल्लं ते रागाने. आपण रांधायचं आणि कालच्या पोरीने खायचं, म्हणून. नंतर जीभ चटावली, अधूनमधून खायची. खाता खाता तिच्या एक लक्षात आलं, आणि ते कुणाला सांगता येईना, कारण सांगायचं तर चोरी कबूल करावी लागणार.

"ज्या दिवशी मी खाल्लंय, त्या दिवशी हिका काय होवूक नाय," ती म्हणाली. "ज्या दिवशी हिना खाल्ल्यान, त्या दिवशी ही परड्यात. ह्या तिखल्यान हिचो जीव जाता हा. गेलो आठवडोभर मीच खाल्लंय. कराडसून हिची आवस येवची होती. हिका जरा बरां दिसाक व्हयां म्हणान."

आईने तिचं मनगट सोडलं. पण आई कराडची, सहजासहजी विरघळणारी नव्हे. तिने विचारलं, माझ्या मुलीचा एवढा कळवळा तुला कधीपासून आला?

"कळवळो नाय," वैनी म्हणाली. "ही माका घरात नकोच होती. पण अशी जावक नको."

असलं खरं बोलणं मी आयुष्यात फार ऐकलेलं नाही. विद्याधर तर भिंतीला टेकूनच उभा राहिला. आणि मी आठवायला लागले. रिकाम्या मडकीच्या सकाळी, आणि भरलेल्या मडकीच्या सकाळी. एकेक आठवत गेली तसतसा हिशेब जुळत गेला.

आता आये काय करते याकडे सगळ्यांचं लक्ष. एका कामवालीने चमचाभर तूप चोरलं म्हणून आयेने तिला आयुष्यभर घराची पायरी चढू दिली नव्हती. आये हळूहळू चुलीपर्यंत आली, मडकीत डोकावली, मग वैनीला म्हणाली, "कसां लागलां गो?"

वैनीने नाक वर ओढलं आणि म्हणाली, "माझ्याच हातचां तां, आये. बरांच लागतलां."

आये मटकन खाली बसली. तिने ती मडकी आपल्यापुढे ओढून घेतली. मला कळेना, की आपण सुनेला मायेने आजार भरवत होतो याचा तिला धक्का बसला होता, की इतक्या वर्षांत आपण त्या बाईला एकदाही हे विचारलं नव्हतं याचा.

कराडची गाडी आम्ही सोडून दिली. त्याच सकाळी विद्याधर सुमो घेऊन आला आणि आम्ही गोव्याच्या मोठ्या इस्पितळात गेलो, आईसकट. तिथे एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी शिळ्या माशाचं सगळं ऐकून घेतलं, आणि पोट तपासायचं सोडून मला म्हणाल्या, अंगावर कुठे डाग आहेत का? मांड्यांवर होते, तांबूस ठिपके, लहानपणापासून. आई म्हणायची तीळ आहेत, मुलींच्या अंगावर असायचेच. डॉक्टरांनी पेनच्या टोपणाने एक ठिपका घासला, तर दोन मिनिटांत तिथे गांध उठली. त्या हसल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडावर एखादी हरवलेली वस्तू सापडल्यासारखं काहीतरी आलं.

रक्त तपासलं, तोंडातून आणि खालून नळी घालून आतले तुकडे काढले, ते मुंबईला पाठवून वेगळ्या रंगाने तपासून आणले. मग त्यांनी समजावून सांगितलं. मास्ट सेल नावाच्या पेशी सगळ्यांच्याच अंगात असतात, पहारेकऱ्यासारख्या. शत्रू आला की त्या आतला माल ओततात, म्हणून अंग लाल होतं, आतडी आखडतात, ॲसिड सुटतं, जुलाब होतात. माझ्यात त्या नको इतक्या वाढल्या होत्या, कातडीत आणि आतड्यात, आणि जरा काही झालं की सगळ्या मिळून माल ओतत होत्या. त्यातल्याच एका द्रव्याचं नाव हिस्टामीन. बांगड्यासारखा मासा ऊबेला मुरत पडला की त्यातही तेच तयार होतं. म्हणजे आत आधीच पेटलेलं, आणि आये वरून चमच्याने रॉकेल घालत होती. आजार जन्मभर जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, अन्न ताजं, दुखण्याची गोळी कधीही मनाने घ्यायची नाही. आणि माशाखेरीज आणखी काय सोसत नाही ते माझं मलाच बघावं लागेल, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. निघताना त्यांनी विचारलं, हे शिळ्याचं तुमच्या घरात ओळखलं कुणी? विद्याधर म्हणाला, वैनीने. फार बारीक लक्ष दिसतं त्यांचं तुमच्यावर, डॉक्टर म्हणाल्या. मी म्हटलं, हो, आहे खरं.

गोळ्या लागू पडल्या. अधूनमधून पोट अजून उचल खायचं, अजूनही खातं, पण परड्यातली ती नेहमीची धावाधाव थांबली. आई निश्चिंत होऊन कराडला गेली. जाताना तिने वैनीच्या हातात खणाचं कापड ठेवलं आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

घर मात्र बदललं. आये मला भिऊ लागली. माझ्या ताटाला हात लावेना. पाणी द्यायचं तरी आधी वैनीला विचारायची, हे हिला चालतं ना. माझं सगळं आता वैनी बघायची. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तिथे स्वतः जाऊन जिवंत फडफडणारा मासा आणायची, हळद-मीठ लावून लगेच शिजवायची, आणि ताट माझ्यापुढे आदळायची. आदळायची, ठेवायची नाही. एवढं मात्र तिने कधी सोडलं नाही.

पुढे बांगड्याचा हंगाम आला. घरात पुन्हा तिरफळांचा वास घुमला. त्या सकाळी मी माझ्या पाटावर बसले होते. पुढे गरम पेज, नुकत्याच भाजलेल्या माशाचा तुकडा, पोट कधी नव्हे इतकं शांत. समोर वैनी भाकऱ्या आटपून जेवायला बसली. आये वैलावरची मडकी घेऊन आली. सवयीने तिचे पाय माझ्याकडे वळले, मग थबकले, आणि ती वैनीकडे गेली. मडकी वैनीपुढे ठेवली, स्वतः तिच्याशेजारी बसली, एक तुकडा उचलला आणि काटे काढायला लागली.

वैनीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. देठासकट मिरची चावणारी ती बाई, पण तो घास तिने इतका सावकाश खाल्ला की माझ्याच्याने बघवेना. आये तिला काहीतरी पुटपुटली, ती हसली. दोघींचं काय बोलणं चाललंय ते मला ऐकू आलं नाही. माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. मी बरी झाले होते, मला कुणी पाठवून देणार नव्हतं, नवरा पुन्हा माझ्याशी हसून बोलत होता. आणि मला त्या क्षणी फक्त ती मडकी हवी होती. त्यातलं जीवघेणं तिखलं, आणि काटे काढणारा तो म्हातारा हात.

वैनीने मान वर केली. मी बघतेय हे तिने बघितलं. मग तिने डाव्या हाताने मडकी उचलली आणि माझा हात पोचणार नाही अशा बाजूला, आपल्या पलीकडे नेऊन ठेवली.

"तां तुझ्यासाठी नाय गो," ती म्हणाली. इतक्या वर्षांची भूक त्या बोलण्यात होती, आणि पोट भरल्याचं सुखही. आये खुदकन हसली. मी जळत जळत माझी पेज प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत.